तूप सोडले, तरी आकडा चढाच

मद्य नाही, मांसाहार नाही, तुपावरही हात राखलेला. तरी रक्ततपासणीच्या अहवालात ट्रायग्लिसराइड्सचा आकडा २८० दिसतो आणि घरातील मंडळी चक्रावून जातात. प्रयोगशाळेचीच चूक असावी, असे ठरवून कागद कपाटात जातो. चूक बहुधा समजुतीत असते. हा मेद केवळ तेलातुपातून येत नाही. साखर, मैदा, भात यांतून मिळालेली परंतु खर्च न झालेली ऊर्जा यकृत मेदात रूपांतरित करते आणि रक्तावाटे साठवणुकीस रवाना करते. पेढीवर दिवसभर बैठक, चार वेळा गोड चहा, गिऱ्हाइकासोबत फरसाण: आवक अखंड, जावक जवळजवळ नाही.

डेसिलिटरमागे १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रमाण सर्वसाधारण, १९९ पर्यंत काठावरचे, २०० ते ४९९ अधिक आणि ५०० पासून पुढे अत्यधिक मानले जाते. आकडा ५०० च्या पुढे, विशेषतः १००० च्या वर गेला, तर स्वादुपिंडास तीव्र सूज येण्याचा धोका असतो. प्रसंगी प्राणावर बेतते. मधल्या आकड्यांत मात्र काहीच दुखत नाही, आणि खरी अडचण तीच. त्यासोबत बहुधा हितकारक एचडीएल घटलेले असते, एलडीएलचे कण लहान व दाट होतात, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, यकृतात मेद साचतो. मधुमेह आणि हृदयविकार यांच्या वाटा येथूनच फुटतात. आपल्याकडील पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक कंबर ही त्याची बाहेरून दिसणारी खूण होय. हातपाय सडपातळ असले तरीही.

औषधांत कधी माशाच्या तेलापासून केलेली ओमेगा-३ कॅप्सूल सुचवली जाते. जैन रुग्णाने आपली अडचण डॉक्टरांना तेथेच स्पष्ट सांगावी. गोळ्या आणून फडताळात ठेवायच्या आणि घेतो म्हणून सांगायचे, हा संकोच महाग पडतो. फायब्रेटसारखी अन्य औषधे उपलब्ध आहेत. जवसातील ओमेगा-३ निराळ्या प्रकारचे असून शरीरात त्याचे रूपांतर अल्पच होते. जवसाची चटणी उत्तम, परंतु ती औषधाची जागा घेत नाही.

वजन ५ ते १० टक्के घटले, तर हा आकडा सुमारे २० टक्क्यांनी उतरू शकतो. तपासणीपूर्वी ९ ते १२ तासांचा उपवास लागतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांना तो मुळीच जड नाही. थायरॉइडची मंद गती, अनियंत्रित मधुमेह आणि काही औषधे यांनीही आकडा चढतो, म्हणून त्यांचीही चौकशी त्याच भेटीत करून घ्यावी.