वैद्यकीय संशोधनाचें प्रकाशन आणि रुग्णाचें नांव

जुना कागद छापतांना त्यांतील नांव गाळणें हा आपल्या मंडळींत अपराध गणला जातो. वैद्यकीय संशोधनाच्या प्रकाशनांत नियम नेमका उलटा. तेथें रुग्णाचें नांव देणें हाच अपराध. एखाद्या दवाखान्याची जुनी वही संग्राहकाच्या हातीं आली म्हणजे या दोन नियमांची गांठ पडते. म्हणून वर्धा जिल्ह्याच्या आधारें हा विषय येथें मांडीत आहों.

वर्ध्याजवळील दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं विनोबांच्या प्रेरणेनें १९३६ सालीं महारोग्यांच्या सेवेचें काम आरंभिलें. पुढें १९५१ सालीं गांधी मेमोरिअल लेप्रसी फाउंडेशन ही संस्था वर्ध्यास निघाली. घरोघर पाहणी, लोकशिक्षण व उपचार या तीन अंगांची तिची पद्धति राष्ट्रीय कार्यक्रमानेंही स्वीकारली. घरोघर पाहणी म्हणजे गांववार नोंद आलीच: नांव, वय, चट्टा कोठें, बधिरता किती. या नोंदींवरून रोगाचें प्रमाण काढावयाचें तर वय, गांव आणि वस्ती पुरते. नांवाची गरज पडत नाहीं. तोच मनुष्य पुनः तपासावयाचा असेल तर मात्र ओळख हवी. यास्तव प्रत्येकास क्रमांक देऊन, नांव व क्रमांक जुळविणारी यादी निराळी, कुलुपांत ठेवावयाची, आणि छापतांना ओळख पटेल असा क्रमांकही वगळावयाचा, अशी रीत आहे.

एवढी दक्षता कशासाठीं? दुर्धर व असाध्य स्वरूपाचा कुष्ठरोग हें हिंदु विवाह कायद्यांत घटस्फोटाचें एक कारण होतें, आणि तें २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत कायम राहिलें. रोग औषधांनीं बरा होऊं लागल्यावरही कित्येक वर्षें कायदा तसाच होता. सोयरीक जुळवितांना आजोबापणज्यांपर्यंत चौकशी होते हें वाचकांस सांगावयास नकोच. अशा समाजांत छापलेल्या एका नांवानें तिसऱ्या पिढीचें लग्न मोडूं शकतें.

येथें परचुरेशास्त्र्यांचें उदाहरण सहजच पुढें येईल. हे संस्कृतज्ञ विद्वान् कुष्ठरोगानें पीडित होऊन १९३९ सालीं सेवाग्रामास आले. गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत, व त्या प्रसंगाचें छायाचित्र सर्वत्र प्रसिद्ध आहे. आजच्या वैद्यकीय नियतकालिकास ओळखूं येणारें चित्र छापावयाचें असल्यास रुग्णाची लेखी संमति लागते. डोळ्यांवर काळी पट्टी ओढणें पुरेसें मानीत नाहींत. परंतु तें छायाचित्र संशोधनाचा भाग नव्हे, आणि शास्त्रीबोवांचें नांव आज झांकण्यांत अर्थही नाहीं. त्याच काळांत दवाखान्याच्या वहीवर ज्यांचीं नांवें चढलीं त्यांची गोष्ट निराळी. त्यांना कोणी विचारलें नाहीं, आणि आतां विचारतांही येत नाहीं.

नांवांविषयीं हाच कांटेकोरपणा लेखकांच्या बाजूस उलट फिरतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेंत (स्थापना १९६९) आरोग्यसेवकांमधील क्षयसंसर्गाचा अभ्यास झाला; तो अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकांत २००५ सालीं प्रसिद्ध झाला. तपासणी ७२६ जणांची. दोहोंपैकीं एका तरी चांचणींत निम्म्या लोकांस संसर्ग आढळला. त्या ७२६ पैकीं एकाचेंही नांव लेखांत नाहीं, आणि तेरा लेखकांपैकीं एकाचेंही वगळलेलें नाहीं. तपासलेले लोक त्याच रुग्णालयांतले होते, म्हणजे संशोधकांचे रोजचे सहकारीच! लेखक म्हणून नांव कोणाचें घालावें यासंबंधीं १९७८ सालीं व्हँकूव्हर येथें जमलेल्या संपादकांच्या मंडळाचे नियम आज सर्वमान्य आहेत: ज्यानें अभ्यासांत खरा वांटा उचलला, मसुद्यांत हात घातला, अखेरचा पाठ मान्य केला व त्याची जबाबदारी पत्करली, तोच लेखक. केवळ विभागप्रमुख म्हणून चढविलेलें नांव आम्हांस पोथींतील प्रक्षेपासारखेंच वाटतें.

मागें घेतलेल्या लेखाबद्दलची चाल तर आपल्यास अगदीं परिचयाची आहे. खोटा ठरलेला लेख फाडून टाकीत नाहींत. तो जागेवर ठेवून वर तसा शेरा मारतात, जसा आपण बनावट सनदेवर मारतों.

आतां संग्राहकांपुरतें. मूळ वही नासूं नये, नांवांवर शाई फिरवूं नये. छापावयाची ती नक्कल निराळी करावी व तींतून नांवें काढावीं. मात्र नांव काढल्यानें काम भागत नाहीं. आडनांवावरून गांव आणि गांवावरून कुळ काढण्यांत आमचे वाचक तरबेज आहेत, तेंच येथें भय! दहा घरांच्या वाडींत ‘पन्नाशीचा सुतार’ एवढें छापलें तरी माणूस ओळखूं येतो. तेथें वाडी गाळून तालुक्यापुरताच उल्लेख करावा.