वळकटी ते पंधरा किलो

वळकटी आपल्या घरांतून कुणी ठरवून काढली नाही. ती आधी माळ्यावर गेली, तिथे उंदरांनी पट्टे कुरतडले आणि एका दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात निघाली. पण तिची गरज कधीपासून संपत गेली, ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. तिला पहिला वर्गच नव्हता आणि दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर फोमची गादी होती. तोवर दुसऱ्या वर्गात झोपायचं म्हणजे उघड्या लाकडी फळीवर. रेल्वेमंत्री होते मधू दंडवते, कोकणातल्या राजापूरचे खासदार. पुढे हळूहळू बाकीच्या गाड्यांनाही अशा गाद्या आल्या आणि सतरंज्या-गोधड्या वाहून न्यायचं कारण उरलं नाही.

वळकटी बांधणं हे वडिलांचं खातं. खाकी कॅनव्हास जमिनीवर पसरायचं, त्यावर सतरंजी, मग चादरी, चादरींच्या घडीत इस्त्रीचे कपडे. दोन्ही टोकांना मोठे खिसे; एकात उशा, दुसऱ्यात चपला, पंचे आणि ऐन वेळी आठवलेलं सगळं. मग गुंडाळी करून, वर गुडघा रोवून बक्कल ओढायचं. पट्टा भोकापर्यंत पोचेना की घरातल्या सगळ्यांत जड पोराला वर बसवायचं. गाडी उशिरा असली की फलाटावर सगळ्या भावंडांची बैठक तीच.

तिच्या जोडीला पत्र्याची ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव. पाण्याला फिरकीचा तांब्या. तोंडाला घाम फुटेपर्यंत वळवला तरी त्याची फिरकी कधी धड बसायची नाही, आणि बसली तर निघायची नाही. कोळशाच्या इंजिनाच्या दिवसांत मुलांना प्रवासात पांढरे कपडे कुणी घालत नसे. खिडकीतून डोकं बाहेर काढणाऱ्याच्या डोळ्यात कण जायचाच. तो काढायला आईच्या पदराचं टोक.

खाण्याची पिशवी मात्र वेगळी, आणि ती आईच्या हातातून सुटायची नाही. तिच्यात काय घ्यायचं यामागे पक्का हिशेब असे. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं, कारण ती दोन दिवस मऊ राहते. पुऱ्या तिखटमिठाच्या, म्हणजे भाजी लागत नाही. चटणी दाण्याची, कोरडी. ओल्या नारळाची घेतली तर संध्याकाळपर्यंत आंबली. पहिल्या दिवशी धपाटे, मग दशम्या, शेवटी चिवडा आणि लाडू. जे लवकर विटतं ते वरच्या डब्यात. दोन दिवसांच्या प्रवासाला चार-पाच तोंडांची अशी तजवीज करणाऱ्या बाईला कुणी नियोजन येतं असं म्हटलं नाही, हे जरा अतीच.

एसटीने जाणाऱ्यांचं सामान वेगळं. ते टपावर चढायचं, दोरीने बांधलं जायचं, आणि हाताशी ठेवायची ती घाटाची पिशवी: आलेपाक, लिंबू, आवळासुपारी, जुना टॉवेल. तान्हं बाळ असलं तर त्याचं बोचकं सगळ्यांत मोठं. लंगोट, दुपटी, टोपरी, आणि गुटीसाठी सहाणही. ओले लंगोट गाडीच्या खिडकीच्या गजांना बांधून वाळवत नेलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी डायपरला नावं ठेवू नयेत.

मे महिन्यात मामाच्या गावाला जाताना सामान थोडं असे, कारण अंथरूण-पांघरूण, ताटवाटी सगळं तिथलंच. फुगायचं ते परतताना: पापड, कुरडया, आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसाची साठं, आंब्याची पेटी. खरी वळकटी लागायची ती एलटीसीच्या सहलीला, म्हणजे वडिलांच्या सरकारी नोकरीने चार वर्षांतून एकदा घडवलेल्या दूरच्या प्रवासाला.

मग एकेक वस्तू गळत गेली. १९९३ मध्ये थ्री-टियर एसीचे डबे आले. चादर, उशी, ब्लँकेट भाड्यातच. नव्वदच्या दशकात बाटलीबंद पाणी स्टेशनांवर सर्रास मिळू लागलं, २००३ मध्ये रेल्वेने स्वतःचं ‘रेल नीर’ काढलं आणि तांब्या देवघराशेजारच्या फळीवर शोभेला गेला. १९८४ मध्ये सुरू झालेल्या केसरीसारख्या सहल कंपन्यांनी मराठी जेवणाचीही सोय केली, तेव्हा दशम्यांवरही गदा आली. ट्रंकेच्या जागी व्हीआयपीची सुटकेस आली होतीच. बॅगेला चाकं लावायचं पेटंट अमेरिकेत १९७२ चं, पण आपल्याकडे चाकांचं अप्रूप बरंच उशिरा. साहजिक आहे: पुलाच्या पायऱ्या आणि खड्ड्यांचे रस्ते असताना चाकं काय कामाची? तिथे हमालच बरा.

सामानात काय असावं हे घरात ठरतं असं आपल्याला वाटतं. खरं तर ते वाटेवर ठरतं. वाटेत जे मिळेल याची खात्री नसते, तेच आपण बरोबर घेतो. याचा पडताळा अगदी अलीकडे आला. कोविडमुळे २०२० मध्ये एसी डब्यांतल्या चादरी बंद झाल्या. त्या परत देण्याचा आदेश निघाला मार्च २०२२ मध्ये. मधल्या काळात गाद्या होत्या, एसी होता, पण सुटकेसांत पुन्हा घरच्या चादरी आल्या. तेवढी दोन वर्षं वळकटी असती तर कामाला आली असती.

एवढं सगळं वजा होऊनही सामान कमी झालेलं नाही, हे कुठल्याही सुट्टीच्या आदल्या रात्री दिसतं. पूर्वी साबणाची डबी एक, कंगवा एक, टॉवेल दोघांत एक. पत्त्यांचा जोड सगळ्यांत मिळून एक. आता चार माणसांचे चार चार्जर, चार शॅम्पू, प्रत्येकाचे हेडफोन. सहा वर्षांच्या मुलीला हत्तीच्या तोंडाची स्वतःची ट्रॉली हवी असते. ती विमानतळाच्या दारापर्यंत ती स्वतः ओढते, पुढे बाबा. आणि मोज्यांचे जोड, तापाचं औषध, परीक्षा संपल्यावर आखूड झालेल्या पँटी ही यादी अजूनही आईच्याच डोक्यात असते.

फरक पडला तो तराजूचा. रेल्वेत स्लीपरला माणशी चाळीस किलो मोफत चालतात, आणि ते कुणी सहसा मोजत नाही. विमानात पंधरा खाली, सात हातात, आणि मोजतातच. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, सुऱ्या-कात्र्या खालच्या. त्यामुळे हुक लावून बॅग लटकवायचा छोटा काटा आता बऱ्याच घरांत आहे, आणि निघायच्या रात्री त्याच्याभोवती भांडणं होतात. एक सवलत मात्र आपल्या लोकांनी बरोबर हेरली आहे. दोन वर्षांपुढच्या मुलाचं पूर्ण तिकीट काढावं लागतं आणि बहुतेक कंपन्यांकडे त्यालाही पंधरा किलो मिळतात. त्याच्या कपड्यांचं वजन पाच किलोही भरत नाही. मे महिन्यात रत्नागिरीहून पुण्या-मुंबईला आलेला हापूस पुढे दिल्ली-बंगळुरूच्या घरी जातो, तो बऱ्याचदा या धाकट्यांच्या नावावर.