दुष्काळ, कीर्तन आणि देवाचा दरबार

अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात मुंबईत झाली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये तेथे उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत धाडण्याच्या विचारात होते. १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिशनचे ठाणे पडले. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक निघाले. मिशनरी सिंथिया फॅरार यांची येथील मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती, एवढे सांगितले तरी या ठाण्याचे वजन कळते.

जिल्हा पर्जन्यछायेतला. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनचे काम धान्यवाटप आणि अनाथ मुलांच्या सांभाळाकडे वळले. या कामात पुढे असलेले रॉबर्ट ह्यूम यांचा जन्मच मुंबईचा, १८४७ मधला. मुलांना नुसते जेवू घालून भागणार नव्हते, म्हणून सुतारकाम आणि विणकाम शिकवले गेले. चर्चिल नावाच्या मिशनरी अभियंत्याने त्यासाठी सुधारित हातमागही बनवला. याच काळात महार आणि मांग समाजातील पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. धान्यासाठी धर्म बदलला, हा आरोप तेव्हापासूनचा. उपासमारीचा वाटा नाकारता येत नाही. पण पाऊस पडल्यावरही जे टिकून राहिले, त्यांना शाळा हवी होती आणि चावडीसमोर ताठ उभे राहायचे होते, हे आरोप करणारे सहसा विचारात घेत नाहीत.

बाप्तिस्मा झाला तरी शिष्य घडायचा बाकीच असतो. पाश्चात्त्य पद्धतीचे प्रवचन खेड्यात फारसे रुजेना. कीर्तनाला मात्र तेच लोक रात्र जागवत. १८६० च्या दशकात नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी हा प्रकार उचलला आणि कृष्णराव सांगळे यांनी त्यात नाव मिळवले. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, झील धरणारे साथीदार, सारे नेहमीचे. आख्यान तेवढे येशूचे. अक्षर न ओळखणाऱ्या बाईलाही शुभवर्तमान पाठ होऊ लागले. मिशनच्या साऱ्या उद्योगांत हा सर्वांत शहाणपणाचा, आणि तो एतद्देशीयांचा होता.

या जमिनीत कवी नारायण वामन टिळक आले. रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. नंतरचे वास्तव्य बहुतेक नगरचे. पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये तोच मार्ग धरला. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला ओवी आणि अभंगाचे वळण दिले. ख्रिस्त त्यांच्यासाठी गुरू होता, माऊलीही होता. ही बोली मराठी माणसाला उसनी वाटली नाही.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचे पगारी काम सोडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला मानणाऱ्या कोणालाही तेथे जागा होती, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. येथे मिशनरी बिचकले. बाप्तिस्म्याविना शिष्य मान्य केला तर मंडळीची वेस कोठे आखायची, ही त्यांची अडचण खरीच होती. पण ऐक्याचा हा विचार त्या काळी धाडसी होता. मे १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार विस्कटला.

मंडळ्यांमंडळ्यांतले ऐक्य मात्र रखडत आले. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनशेजारी अँग्लिकन मिशनही काम करू लागले होते. वेशीबाहेरच्या लोकांना एकाच येशूच्या नावाने वेगवेगळ्या पंथांची ओळख झाली, यातला विरोधाभास वेगळा सांगायला नको. १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून उत्तर भारताची संयुक्त मंडळी झाली. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट यांच्यासह ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली. वाटाघाटींना चाळीस वर्षे लागली होती. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. टिळकांची पदे असलेले ‘उपासनासंगीत’ मात्र वेगवेगळ्या पंथांच्या मराठी मंडळ्यांत गायले जाते.