वऱ्हाडचा कापूस आणि जगाची आर्थिक वाढ

वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सुलतानपूर हे कोरडवाहू शेतीच्या मुलखातले गाव असले, तरी जगाच्या आर्थिक वाढीशी या मुलखाचे नाते किमान दीडशे वर्षांचे असून ते कापसाने जुळले आहे.

एका वर्षात निर्माण झालेल्या सर्व वस्तू आणि सेवांचे मूल्य महागाई वगळून वाढते, तेव्हा त्यास आर्थिक वाढ म्हणतात, आणि त्या मूल्यास लोकसंख्येने भागल्यास दरडोई उत्पन्न मिळते. अर्थशास्त्रज्ञ अँगस मॅडिसन यांच्या अंदाजांनुसार १८२० पूर्वी जगाचे दरडोई उत्पन्न शतकानुशतके जेमतेम वाढले; पुढच्या पावणेदोनशे वर्षांत मात्र ते आठपटींहून अधिक झाले. वाढ चक्रवाढ व्याजाप्रमाणे चालते, त्यामुळे दरातील लहान फरकही पुढे फार मोठा होतो : वर्षाला १ टक्का दराने उत्पन्न दुप्पट होण्यास सुमारे ७० वर्षे लागतात, तर २ टक्के दराने ३५. तितक्याच श्रमांत यंत्र, इंधन आणि ज्ञान यांच्या बळावर अधिक उत्पादन निघणे, म्हणजे उत्पादकता वाढणे, हाच दीर्घकालीन वाढीचा आधार होय.

ही उत्पादकता कोठे वाढली, हे वऱ्हाडच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, तेव्हा येथील भाव चढले आणि युद्ध संपताच कोसळले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, तर १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव लोहमार्ग सुरू होऊन खामगावच्या पेठेतील कापसाच्या गाठी मुंबई बंदराकडे वेगाने जाऊ लागल्या. परंतु सूत आणि कापड यांची यंत्रे दूर राहिली, शेत मात्र पावसावरच राहिले; शतकाअखेरच्या दुष्काळांनंतर वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मधील सुमारे २९ लाखांवरून १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर घसरली. मॅडिसन यांच्याच अंदाजांत १८२० ते १९५० दरम्यान जगाचे दरडोई उत्पन्न तिपटीहून अधिक झाले, भारताचे मात्र एक-पंचमांशानेही वाढले नाही.

१९५० ते १९७३ हा जगाच्या दरडोई वाढीचा सर्वांत वेगवान काळ ठरला आणि त्यानंतर वेग मंदावला. भारतात याउलट पहिली तीन दशके एकूण उत्पन्नाच्या वाढीचा दर वर्षाला सुमारे साडेतीन टक्के राहून १९८० नंतर, विशेषतः १९९१ च्या सुधारणांनंतर, वेग वाढला. या काळात वऱ्हाडात कापसाशेजारी सोयाबीन आले, ज्याच्या भावावर ब्राझील आणि अमेरिकेतील पीक, तसेच खाद्यतेलाची आयात यांचा परिणाम होतो. वाहतुकीसाठी २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा मेहकर, सिंदखेडराजा या भागांतून सुरू झाला.

खामगावच्या लोहमार्गाने माल बाहेर नेला, पण मालावरील पुढचे काम येथे आणले नाही, हा अनुभव या महामार्गालाही लागू पडतो. कापसाचे सूत आणि सोयाबीनचे तेल याच मुलखात निघावे, शेताला हमखास पाणी मिळावे आणि तरुणांना यंत्राचे ज्ञान मिळावे, तरच जगाच्या वाढीचा वाटा सुलतानपूरसारख्या गावांच्या दरडोई उत्पन्नात उतरेल.