वस्तादांची तालीम आणि मुक्ताची लेखणी

दरवर्षी जूनमध्ये एखादा तरी पालक मुलाला वसतिगृहात सोडताना मला विचारतो, ‘गुरुजी, पोराचं सगळं लक्ष तालमीत. अभ्यासात मन नाही. तालीम बंद करू का?’ कोल्हापुरात हा प्रश्न नवा नाही. येथे पेठेपेठेत तालीम आहे आणि लाल मातीचा वास लहानपणापासून अंगात भिनतो. या प्रश्नाला मी उत्तर म्हणून एका माणसाची हकीकत सांगतो. स्मरणिकेच्या निमित्ताने ती येथे मांडत आहे.

तालीम ही आज सर्वांची वाटते. पण पूर्वी ती तशी नव्हती. पेशवाईत मांग किंवा महार माणूस तालीमखान्यासमोरून गेला, तरी त्याला प्राणांची शिक्षा भोगावी लागे, अशी साक्ष १८५५ साली एका मांग मुलीने लिहून ठेवली आहे. शस्त्र, शास्त्र आणि पाणवठा या तिन्हींपासून ज्यांना दूर ठेवले गेले, त्यांच्यापैकीच एकाने पुण्यात स्वतःची तालीम उभी करावी, ही घटना म्हणूनच साधी नाही.

ते होते लहुजी राघोजी साळवे. पुरंदर किल्ल्याच्या परिसरात १४ नोव्हेंबर १७९४ रोजी त्यांचा जन्म झाला. घराण्यात युद्धकलेची परंपरा होती. १८१७ च्या खडकीच्या लढाईत वडील राघोजी धारातीर्थी पडले, असे परंपरा सांगते. पुढे लहुजींनी पुण्याच्या गंज पेठेत तालीम सुरू केली. कुस्ती, दांडपट्टा, लाठी, तलवार, निशाणबाजी असे शिक्षण तेथे मिळे. ज्या समाजाची सावलीही नको होती, त्या समाजाच्या वस्तादाच्या पायाशी इतर जातींची मुले शिष्य म्हणून बसू लागली. कोणतेही भाषण न करता त्या मातीने केलेले हे समतेचे पहिले काम होय.

याच वस्तादांकडे तरुण जोतीराव फुले दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले. पुढे १८४८ साली जोतीरावांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा लहुजींनी पन्नाशी ओलांडली होती. या वयात माणूस जुन्या पराक्रमाच्या आठवणींवर जगू लागतो. लहुजींनी मात्र आपले वजन शाळेच्या पाठीशी उभे केले. राणबा महार यांच्यासोबत त्यांनी आपल्या लोकांना विद्येचे महत्त्व पटवले आणि मुले शाळेत यावीत म्हणून खटपट केली. शाळेला विरोध करणाऱ्यांची दहशत मोठी होती. अशा वेळी वस्तादांचे पठ्ठे फुले दांपत्याच्या संरक्षणाला उभे राहत, ही आठवण समाजाने जपली आहे. येथे एक मांग आणि एक महार खांद्याला खांदा लावून उभे आहेत, हे विशेष लक्षात ठेवावे.

या श्रमाचे फळ म्हणजे मुक्ता साळवे. साळवे घराण्यातील ही मुलगी जोतीराव–सावित्रीबाईंच्या शाळेत शिकली. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वर उल्लेखिलेली साक्ष तिचीच. ज्ञान हेच आपल्या रोगावरचे औषध आहे, असे तिने आपल्या बांधवांना बजावले. तालमीसमोरून जाण्याची बंदी होती, हे लिहून ठेवणारी मुलगी तालीम चालवणाऱ्या घराण्यातून यावी, यातच लहुजींच्या आयुष्याचा अर्थ सामावला आहे.

हा लढा केवळ पुण्याचा नव्हता. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. वर्णाची गुलामी आणि जातीची गुलामी ही एकाच अन्यायाची रूपे आहेत, हे गंज पेठेत राहणाऱ्या या माणसाने त्या काळी ओळखले होते.

आपल्या कोल्हापुरातही हे दोन्ही धागे एकत्र आले. राजर्षी शाहू महाराज स्वतः मल्ल होते. १९१२ साली त्यांनी खासबागचे मैदान पूर्ण केले. त्याच राजाने १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम दिला. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांचे नेतृत्व त्यांनीच जाहीरपणे गौरविले. आखाडा आणि वसतिगृह ही त्यांच्या दृष्टीने परस्परविरोधी कामे नव्हती.

कोणी विचारील, बुद्धाच्या मार्गाने जाणाऱ्यांनी शस्त्रधारी वस्तादाचा गौरव का करावा? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात हिंसेची इच्छा आणि हिंसेची गरज यांत भेद केला आहे. बुद्धाची अहिंसा म्हणजे दुबळ्याची शरणागती नव्हे. शील नसलेले बळ गुंडगिरी होते. आणि बळ नसलेल्या माणसाचे शील जुलमी लोक पायदळी तुडवतात. लहुजींचे बळ शाळेच्या दाराशी पहारा देत होते, म्हणून ते आपल्याला वंदनीय आहे.

१७ फेब्रुवारी १८८१ रोजी लहुजींचे निधन झाले. पुण्यातील संगमवाडी येथे त्यांची समाधी आहे. आज महापुरुषांच्या जयंत्या जातीजातींत वाटल्या गेल्या आहेत. लहुजी एकांचे, बाबासाहेब दुसऱ्यांचे, शाहू तिसऱ्यांचे. ज्यांनी आयुष्यभर एकमेकांच्या मुलांसाठी दारे उघडली, त्यांनाच आपण वेगवेगळ्या खोल्यांत कोंडले आहे. आपल्या वसतिगृहात एकाच पंगतीत जेवून मोठ्या झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी तरी हे कुलूप काढावे, ही माझी विनंती आहे.

आणि त्या पालकाला मी सांगतो : तालीम बंद करू नका. पहाटे त्याला जोर-बैठका मारू द्या. संध्याकाळी मात्र त्याच्या हातात पुस्तक द्या. आणि कमावलेले बळ कोणाच्या दाराशी उभे करायचे, हे त्याला लहुजींच्या नावाने रोज विचारा.

जयभीम!