पाय इकडे कर

आईच्या खुब्याचं हाड मोडलं त्याला आता तीन वर्षं झाली. शस्त्रक्रिया नीट पार पडली, पण पुढचे पाच महिने ती अंथरुणाला होती आणि तिचं करायला घरात मी एकटी. सकाळी अंग पुसून देणं, औषधं, दर दोन तासांनी कूस बदलणं, मधल्या वेळात ऑफिसचं काम, रात्री बेडपॅन द्यायला दोनदा उठणं. तिसऱ्या महिन्यात माझे कपडे मला सैल होऊ लागले. अंथरुणाला पाठ टेकली तरी झोप यायची नाही. एकदा दूध उतू गेलं, तर मी ओट्यापाशी उभी राहून हुंदके देत रडले. कुणी विचारलं की ‘मी बरी आहे’ असंच सांगायचे, कारण आजारी आई होती, मी नव्हते.

अशाच एका रात्री आईच्या पाठीशी उशा लावून मी खुर्चीवर टेकले, तशी ती म्हणाली, “कपाटातली काशाची वाटी आण. तुपाची बरणी पण घे.” मला वाटलं, तिचे तळवे जळजळत असतील. वाटी घेऊन आले तर म्हणाली, “पाय इकडे कर.”

आईनं लेकीच्या पायाला हात लावायचा? मी पाय आखडून घेतले. “तान्ही होतीस तेव्हा हेच पाय रोज रगडलेत मी. कर इकडे.” ती उशांना टेकून बसली होती. कंबरेखाली फारसं हलता येत नव्हतं, पण हात शाबूत होते. शेजारच्या उशीवर मी पाय ठेवले. तिनं बोटभर तूप तळव्याला चोळलं आणि वाटीचं बूड टाचेपासून चवड्यापर्यंत गोल गोल फिरवायला लागली. आधी धातूचा गारवा लागला, मग धातू उबदार झाला. तूप करडं झालं, मग काळं. ओठांतल्या ओठांत तिचा हरिपाठ चालला होता आणि वाटीही त्याच लयीत फिरत होती. एक पाय झाल्याचं आठवतं. दुसरा कधी झाला ते मला आजही माहीत नाही. मी बसल्या जागी झोपले होते.

शरीर, मन आणि आत्मा यांची एकत्र काळजी घ्यायची म्हणजे काय, यावर हल्ली पुष्कळ बोललं जातं. शिबिरं असतात, ॲप असतात, महागडी तेलं असतात. मला त्याचा अर्थ त्या वीस मिनिटांत कळला. म्हणून त्या वाटीकडेच नीट पाहू.

तूप काळं का होतं?

कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. चांगल्या काशात साधारण 78 टक्के तांबं आणि 22 टक्के कथील असतं. पितळेत कथलाच्या जागी जस्त येतं, म्हणून पितळ आणि कासं वेगळं. कासं कडक असतं, ठिसूळ असतं, हातातून पडलं तर तडकतं, आणि त्याला नाद असतो. देवळातली घंटा याच जातीच्या धातूची. पाय घासायची वाटी आणि देवापुढची घंटा एका कुळातल्या आहेत, हे मला फार आवडतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी आम्हा पोरांच्या तळव्यांना वाटी घासायची आणि काळं झालेलं तूप दाखवून म्हणायची, “बघ, केवढी उष्णता होती अंगात!” आता काशाच्या फिरत्या थाळीची यंत्रं गावोगावी आली आहेत. पाय ठेवून बसा, तेल काळं होईल आणि ती शरीरातली घाण आहे असं सांगितलं जाईल.

खरं काय ते घरच्या घरी तपासता येतं. जुन्या सुती फडक्याला तूप लावून त्यानं वाटीचं बूड दहा मिनिटं घासा. फडकंही काळं होईल. फडक्याच्या अंगात ना उष्णता असते, ना विष. घासल्यानं धातूचे अतिसूक्ष्म कण सुटतात, तेला-तुपातल्या आम्लांशी त्यांचा संयोग होतो आणि करडा-काळा लेप तयार होतो. तो वाटीचा रंग आहे, आपल्या आजाराचा नाही. त्या काळेपणाकडे बोट दाखवून कुणी रोग बरा करायचं वचन देत असेल, तर तिथून उठावं.

आजी तरीही चुकली नव्हती

मग झोप का लागते? स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या संशोधकांनी 1999 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. झोप लवकर लागेल की उशिरा, हे कशावरून ओळखता येईल, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर निघालं, हातापायांच्या उबेवरून. ज्यांचे हातपाय उबदार, त्यांना झोप लवकर लागते.

याचं कारण साधं आहे. रात्र होऊ लागली की शरीराच्या गाभ्याचं तापमान उतरायला लागतं, आणि ते उतरणं हा झोपेचा दरवाजा आहे. आतली उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः तळहात आणि तळपाय यांच्यातून. तिथल्या त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलल्या की ऊब पृष्ठभागावर येते, तळवे गरम होतात आणि गाभा निवतो. दिवसभराचा ताण असला की याच वाहिन्या आखडलेल्या राहतात. पाय गार आणि डोकं गरम, ही न झोपणाऱ्याची अवस्था आपण सगळ्यांनी अनुभवली आहे. चोळल्यानं तळव्यात रक्त खेळतं, आणि पुढचं काम शरीर करतं.

म्हणजे उष्णता निघते हे आजीचं म्हणणं खरं होतं. ती तुपाच्या रंगात दिसत नाही, एवढंच. वाटी नसेल तर नुसत्या हातानं चोळलं किंवा कोमट पाण्यात पाय बुडवून बसलं तरीही ती निघते.

मनाचं काय?

आपल्या भाषेत मनाच्या दुखण्याला शरीराचेच शब्द आहेत. जीव थाऱ्यावर नाही, घर खायला उठतं, डोकं फिरतं, पायाखालची जमीन सरकते. आजारी माणसाचं करणाऱ्याच्या बाबतीत हे शब्दशः खरं होतं. रात्रीची हाक येईल म्हणून कान कायम जागे, आणि कान जागे म्हणून सगळं शरीर जागं. ‘विश्रांती घे’ असं त्याला नुसतं सांगून ते शरीर सैल होत नाही. त्याला एखादी खूण लागते की आता पहारा दुसऱ्या कुणाकडे आहे. दुसऱ्याचा ओळखीचा, संथ हात ही तशी खूण आहे. त्या रात्री वाटी आईच्या हातात होती, म्हणून पाच महिन्यांत पहिल्यांदा मी कुणाची तरी लेक होते.

आणि तिचा हरिपाठ? त्याचंही काम चाललं होतं. इटलीतल्या पाव्हिया इथले संशोधक लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 23 निरोगी माणसांवरचा अभ्यास मांडला. जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हूं’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाब सावरणारी हृदयाची प्रतिक्षिप्त क्रिया अधिक चांगली चालू लागली. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. संथपणे, ओळीच्या शेवटी थांबत म्हटलेला हरिपाठ, नमाज, रामरक्षा किंवा बुद्धवंदना श्वासाला असंच लांबवतं. ज्याची श्रद्धा आहे त्याला त्यात याहून मोठं काही मिळतं आणि ते मोजायच्या पलीकडचं आहे. ज्याची नाही, त्यालाही लांब श्वास मिळतोच. मराठीत ‘जपणं’ म्हणजे नाम घेणं आणि सांभाळणंही. दोन्हींना शब्द एकच आहे.

तेल, मुंगी आणि एक प्रश्न

वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ हा ग्रंथ साधारण सातव्या शतकातला मानला जातो. त्याच्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. रोज अंगाला तेल लावावं, त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विसरू नये, असं तिथं सांगितलं आहे. श्रम आणि वात कमी होणं, चांगली झोप लागणं, हे त्याचे फायदे. अजीर्ण झालेल्यानं तेल लावू नये, अशी मनाईही आहे.

पण मी थबकले ते पुढे. त्याच अध्यायात, स्नान आणि व्यायाम यांच्या मागोमाग, किड्यामुंगीकडेही आपल्यासारखंच पाहावं असं सांगितलं आहे. शेवटाकडे येताना एक सल्ला आहे, आपले दिवस आणि रात्री कशा चालल्या आहेत, याचं भान रोज ठेवावं, म्हणजे माणूस दुःखाचा धनी होत नाही. तळव्याचं तेल, मुंगीबद्दलची करुणा आणि स्वतःला विचारायचा प्रश्न, तिन्ही एकाच दिनचर्येत बसवली आहेत. शरीरासाठी एक प्रकरण, मनासाठी दुसरं, आत्म्यासाठी तिसरं, अशी वाटणी तिथं केलेली नाही.

सुश्रुतानं निरोगी माणसाची खूण सांगतानाही पचन आणि शरीराचे घटक म्हणजे धातू यांच्या समतोलाबरोबर आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न असणं ही अट घातली. त्याचा शब्द ‘स्वस्थ’. जो स्वतःत स्थिर आहे तो स्वस्थ. आपण मात्र ‘जरा स्वस्थ बस’ हे फक्त दंगा करणाऱ्या पोरांना म्हणतो.

घरी करायचं तर

रात्रीच्या जेवणानंतर तासाभरानं, झोपण्याआधी, प्रत्येक पायाला आठ ते दहा मिनिटं पुरेत. साजूक तूप, खोबरेल किंवा तिळाचं तेल, जे घरात असेल ते. दाब बेताचा. नंतर कोरड्या फडक्यानं तळवे नीट पुसा, नाहीतर फरशीवर पाय घसरतो. आमच्या घरी हाड एकदा मोडलंय, म्हणून मुद्दाम सांगते. त्या वेळात मोबाइल दुसऱ्या खोलीत असू द्या.

मधुमेहानं पायाची संवेदना कमी झाली असेल, तळव्याला जखम किंवा भेगेतून रक्त येत असेल, एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखत असेल, तर वाटी लावू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तुपावर भागवू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येतं.

एक गोष्ट मात्र मी शिकले. स्वतःची काळजी उरलेल्या वेळात घेऊ म्हटलं तर ती कधीच होत नाही, कारण घर चालवणाऱ्या बाईकडे वेळ कधी उरतच नाही. दात घासण्यासारखी तिला दिवसात ठरलेली जागा द्यावी लागते. आणि ती एकट्यानं घ्यायची गोष्ट आहे, हा समजही सोडावा लागतो. आई आता काठी घेऊन गच्चीपर्यंत जाते. वाटी अजून रोज निघते. एक दिवस तिचे पाय, एक दिवस माझे.

तुमच्या घरात रात्री सगळ्यात शेवटी दिवा मालवून कोण झोपतं, ते आज पाहा. आई असेल, बायको असेल, वडिलांचं करणारा भाऊ असेल, बाळंतिणीपाशी जागणारी सासू असेल. त्यांना ‘काळजी घे’ म्हणू नका, ते त्यांनी हजारदा ऐकलं आहे. वाटी नसली तरी चालेल. तेलाची बाटली घेऊन शेजारी बसा आणि म्हणा, “पाय इकडे कर.”