गुडघ्यातील अस्थिबंधांच्या दुखापती : स्वरूप, निदान व उपचार (कबड्डीपटूंच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

कबड्डी हा महाराष्ट्राच्या मातीत रुजलेला खेळ आहे. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याला पदकाच्या खेळाचे स्थान मिळाले, २०१० च्या स्पर्धेपासून महिलांची कबड्डीही त्यात समाविष्ट झाली आणि २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमुळे या खेळाला अर्थार्जनाची बाजू लाभली. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी असलेल्या राखीव जागांमुळे ग्रामीण भागातील अनेक युवक-युवतींच्या उपजीविकेची आशा या खेळाशी जोडली गेली आहे. अशा खेळाडूचा गुडघा निकामी होणे म्हणजे त्याच्या भवितव्याचा आधारच डळमळणे होय.

मैदानावर पुढील प्रकार वारंवार घडताना दिसतो. चढाई करताना खेळाडूचा गुडघा पिळवटतो, काही तासांत मोठी सूज येते, घरी मालिश, लेप व शेक यांचे उपचार होतात. तीन-चार आठवड्यांत सूज उतरते, चालणे सुरळीत होते आणि खेळाडू पुन्हा मैदानात उतरतो. पुढे एखाद्या वळणावर गुडघा अचानक ‘निसटतो’ आणि दुखापत पूर्वीपेक्षा गंभीर होते. या क्रमामागे एक मूलभूत गैरसमज आहे. सूज उतरणे आणि अस्थिबंध बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात हा भेद केंद्रस्थानी ठेवून गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या दुखापतींचे स्वरूप, निदान व उपचार यांचे विवेचन केले आहे.

गुडघ्याची रचना :

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि गुडघ्याची वाटी यांच्या मेळातून गुडघ्याचा सांधा बनतो. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोलाकार भाग खोल खोबणीत बसलेला असतो. गुडघ्यात मात्र मांडीच्या हाडाची गोलसर टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. त्यामुळे या सांध्याचे स्थैर्य हाडांच्या आकारापेक्षा अस्थिबंध व स्नायू यांवर अधिक अवलंबून असते. अस्थिबंध म्हणजे एका हाडास दुसऱ्या हाडाशी जोडणारा चिवट तंतूंचा पट्टा, ज्यास व्यवहारात लिगामेंट म्हटले जाते.

गुडघ्यात चार प्रमुख अस्थिबंध असतात. सांध्याच्या आत एकमेकांना फुलीसारखे छेदणारे दोन अस्थिबंध आहेत. त्यांपैकी पुढील अस्थिबंध म्हणजे एसीएल नडगीस पुढे सरकू देत नाही व गुडघ्याच्या पिळास आवर घालतो. मागील अस्थिबंध म्हणजे पीसीएल नडगीस मागे सरकण्यापासून रोखतो. सांध्याच्या आतील बाजूस एमसीएल व बाहेरील बाजूस एलसीएल असून ते गुडघा आडव्या दिशेने वाकू देत नाहीत. यांखेरीज दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या कूर्चेच्या दोन गाद्या असतात. मेनिस्कस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाद्या शरीराचा भार सांध्यावर विभागून देतात.

दुखापत कशी होते :

एसीएल तुटण्यासाठी प्रतिस्पर्ध्याचा आघात व्हावाच लागतो असे नाही. वेगात धावताना एकाएकी थांबणे, पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर वळविणे किंवा उडीनंतर गुडघा आत झुकलेल्या अवस्थेत जमिनीवर येणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. कबड्डीत या सर्व हालचाली एकाच चढाईत घडतात. तीस सेकंदांच्या अवधीत चढाईपटू गडी टिपण्यासाठी पुढे झेपावतो, क्षणात वळतो आणि मध्यरेषेकडे परततो. त्याच वेळी कोपऱ्यावरील खेळाडूने घोटा पकडला असेल, तर पाऊल जागीच अडकते, परंतु धड पुढे ओढले जाते. हा सर्व पीळ गुडघ्यावर येतो. पकड करणाऱ्यासही हा धोका चुकत नाही. साखळीतील खेळाडूच्या गुडघ्यावर बाहेरून कुणी आदळल्यास प्रथम आतील बाजूच्या एमसीएलवर ताण येतो.

वळणे व उड्या यांचे प्राबल्य असणाऱ्या खेळांत एसीएलच्या दुखापतीचे प्रमाण समान पातळीवर खेळणाऱ्या पुरुषांपेक्षा महिलांमध्ये अधिक आढळते. म्हणून मुलींच्या संघांच्या प्रशिक्षणात या बाबीकडे विशेष लक्ष देणे आवश्यक ठरते. पीसीएलची दुखापत सामान्यतः वाकलेल्या गुडघ्याच्या पुढील बाजूवर थेट आघात झाल्याने होते. दुचाकीच्या अपघातांत ती विशेषत्वाने दिसून येते.

दुखापतीची तीव्रता तीन श्रेणींत मोजली जाते. पहिल्या श्रेणीत तंतू ताणले जातात, परंतु सांधा स्थिर राहतो. दुसऱ्या श्रेणीत काही तंतू तुटतात व सांध्यात काहीसा सैलपणा येतो. तिसऱ्या श्रेणीत अस्थिबंध पूर्णतः तुटतो.

लक्षणे व निदान :

दुखापतीच्या क्षणी ‘कट्’ असा आवाज येणे, खेळ पुढे चालू ठेवता न येणे आणि काही तासांतच गुडघा टम्म सुजणे ही एसीएल तुटल्याची महत्त्वाची लक्षणे आहेत. इतक्या त्वरेने येणारी सूज बहुधा सांध्यात साचलेल्या रक्तामुळे असते. याउलट दुसऱ्या दिवशी हळूहळू येणारी सूज बहुधा सांध्यातील द्रवाची असते. कालांतराने सूज ओसरते, कारण रक्त शोषले जाते. त्यावरून अस्थिबंध जुळला असा निष्कर्ष काढता येत नाही. सरळ रेषेत चालताना एसीएलची उणीव फारशी जाणवत नाही. वळताना, जिना उतरताना किंवा ओबडधोबड जमिनीवर पाऊल टाकताना मात्र गुडघा निसटतो.

निदानात तज्ज्ञाच्या हाताने केलेल्या तपासणीचे महत्त्व मोठे आहे. अमेरिकेतील जॉन लॅकमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचे वर्णन १९७६ साली प्रसिद्ध झाले. तीत गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून मांडी एका हाताने स्थिर धरतात व दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. नडगी प्रमाणाबाहेर पुढे येत असेल व शेवटी ठाम अटकाव जाणवत नसेल, तर एसीएल तुटल्याचे अनुमान निघते. ताज्या दुखापतीत वेदना व स्नायूंचा ताठरपणा यांमुळे ही तपासणी अवघड जाते. म्हणून काही दिवसांनी ती पुन्हा करणे इष्ट असते. क्ष-किरण चित्रात अस्थिबंध दिसत नाहीत, ते अस्थिभंग आहे की नाही हे पाहण्यासाठी काढले जाते. एमआरआयमुळे अस्थिबंध, गाद्या व कूर्चा यांची स्थिती स्पष्ट होते. ‘एक्स-रे चांगला आला’ म्हणजे गुडघा निर्दोष आहे, ही समजूत या दृष्टीने घातक आहे.

एका प्रसंगी कोणताही विलंब चालत नाही. मोठ्या आघाताने गुडघा सांध्यातून निखळला, तर एकाहून अधिक अस्थिबंध तुटतातच, शिवाय गुडघ्यामागील मुख्य रक्तवाहिनीस इजा होऊ शकते. कधी गुडघा आपोआप जागेवर येतो व धोका झाकला जातो. पाऊल थंड वा फिकट पडणे, बधिरता येणे ही लक्षणे दिसताच रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे. काही तासांत रक्तप्रवाह पूर्ववत न झाल्यास पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

प्रथमोपचार :

खेळ त्वरित थांबवावा. गुडघ्यास आधार द्यावा, दाब देणारी पट्टी बांधावी, पाय उंचावर ठेवावा आणि कापडात गुंडाळलेल्या बर्फाने काही मिनिटे शेकावे. पहिले दोन-तीन दिवस गरम शेक व जोराची मालिश टाळावी, कारण त्यामुळे रक्तस्राव व सूज वाढू शकते. गुडघा ओढून ‘बसविण्याचा’ प्रयत्न अप्रशिक्षित व्यक्तीने कदापि करू नये.

उपचारांची दिशा :

प्रत्येक तुटलेल्या अस्थिबंधास शस्त्रक्रिया लागते असे नाही. एमसीएलला रक्तपुरवठा चांगला असल्याने त्याची एकट्याची दुखापत बहुधा आधारपट्टा व व्यायाम यांनी बरी होते. पीसीएलच्या एकट्या दुखापतीतही प्रथम व्यायामोपचारांवर भर दिला जातो. एसीएलची स्थिती वेगळी आहे. तो सांध्यातील द्रवाने वेढलेला असल्याने त्याच्या तुटलेल्या टोकांमध्ये जुळणीस आवश्यक अशी रक्ताची गाठ सहसा टिकत नाही. काही रुग्णांमध्ये तो जुळल्याचे अलीकडे एमआरआयवर दिसून आले आहे, तथापि त्यावर विसंबून तपासणीविना खेळणे योग्य नव्हे.

स्वीडनमध्ये झालेला व २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात मार्गदर्शक आहे. त्यात एसीएल तुटलेल्या १२१ तरुण व सक्रिय व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. एका गटावर व्यायामोपचारांसह लवकर शस्त्रक्रिया झाली, तर दुसऱ्या गटातील ५९ जणांना आधी व्यायामोपचार देऊन गरज भासल्यासच शस्त्रक्रियेचा पर्याय ठेवण्यात आला. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. दुसऱ्या गटातील २३ जणांनी त्या काळात शस्त्रक्रिया करून घेतली, उर्वरितांना ती लागली नाही. मात्र यावरून कबड्डीपटूने सरसकट शस्त्रक्रिया टाळावी असे म्हणता येणार नाही. ज्यास पुन्हा वळणांचा खेळ खेळावयाचा आहे, ज्याचा गुडघा व्यायामानंतरही निसटतो किंवा ज्याच्या गादीस शिवण्याजोगी इजा आहे, त्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेकडे कल झुकतो. निसटत्या गुडघ्यावर खेळत राहिल्यास गाद्या व कूर्चा यांची झीज होते, आणि ती हानी भरून येणे कठीण असते.

शस्त्रक्रियेत तुटलेला एसीएल सामान्यतः नुसता शिवला जात नाही. रुग्णाच्याच हॅमस्ट्रिंग स्नायूची अथवा वाटीखालची कंडरा घेऊन दुर्बिणीच्या साहाय्याने नवा अस्थिबंध बसविला जातो. त्यापूर्वी सूज उतरवून गुडघा पूर्ण सरळ होऊ देणे हितावह असते, अन्यथा सांधा आखडण्याचा धोका वाढतो. हाडांची वाढ पूर्ण न झालेल्या मुलांमध्ये शस्त्रक्रियेची पद्धत काळजीपूर्वक निवडावी लागते.

पुनर्वसन व खेळात पुनरागमन :

शस्त्रक्रिया हा उपचारांचा एक टप्पा आहे, शेवट नव्हे. बसविलेली कंडरा शरीरात रुजून अस्थिबंधाचे कार्य करू लागण्यास अनेक महिने लागतात. या काळात वेदना नसते, परंतु नवा अस्थिबंध कमकुवत असतो. प्रारंभी गुडघा पूर्ण सरळ करणे व मांडीच्या पुढील स्नायूस जागृत करणे, त्यानंतर बळ व तोल वाढविणे, पुढे धावणे, उड्या व वळणे असा क्रम असतो. मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याची घाई करू नये, त्याची वेळ फिजिओथेरपिस्टने ठरवावी.

नॉर्वे व अमेरिका येथील संशोधकांनी २०१६ साली १०६ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर नवव्या महिन्यापर्यंत पुनरागमन जितके लांबले, त्यातील प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. बळ व उड्यांचे निकष पूर्ण न करता परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के खेळाडूंच्या गुडघ्यास पुन्हा इजा झाली, निकष पूर्ण करणाऱ्यांत हे प्रमाण ५.६ टक्के होते. दुखऱ्या पायाच्या स्नायूंचे बळ व एका पायावरील उडी दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असावी, हा त्यातील प्रमुख निकष होता. कबड्डीपटूने तो गाठल्यावरही प्रथम रिकाम्या मैदानात चढाईचा सराव, नंतर एका बचावपटूविरुद्ध, आणि अखेरीस सात जणांविरुद्ध अशी पायरी ठेवावी. आगामी स्पर्धेची तारीख हा पुनरागमनाचा निकष होऊ शकत नाही.

प्रतिबंध :

फुटबॉलसाठी तयार झालेल्या ‘फिफा ११+’ या सुमारे २० मिनिटांच्या पूर्वतयारी कार्यक्रमात धावणे, बळ, तोल व उडीनंतर योग्य रीतीने जमिनीवर येणे यांचा समावेश आहे. नियमित केल्यास अशा व्यायामांनी दुखापती कमी होतात. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत, त्यामुळे शाळा, महाविद्यालये व तालीम संघांना कबड्डीच्या गरजेनुसार ते सहज स्वीकारता येतील. उडीनंतर गुडघा पावलाच्या रेषेत राहतो की आत झुकतो, एवढे जरी प्रशिक्षकाने नित्य पाहिले, तरी त्याचा लाभ होईल.

समारोप :

अस्थिबंधाची दुखापत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती दुर्लक्षित राहते. एकदा एसीएल तुटल्यावर, शस्त्रक्रिया होवो वा न होवो, पुढील आयुष्यात संधिवाताचा धोका वाढतो. गाद्या सुरक्षित ठेवल्यास तो मर्यादित राखता येतो. त्यासाठी झटपट आलेल्या सुजेची वेळीच तपासणी, गरजेनुसार उपचारांची निवड, चिकाटीचे पुनर्वसन आणि निकषांवर आधारित पुनरागमन ही चतुःसूत्री आवश्यक आहे. तिचा पहिला रक्षक डॉक्टर नसून मैदानाच्या कडेला उभा असलेला प्रशिक्षक आहे. सूज उतरलेल्या खेळाडूस ‘आता खेळ’ म्हणण्याऐवजी ‘आधी दाखवून ये’ असे त्याने सांगितले, तर अनेक गुडघे आणि त्यांवर उभी असलेली अनेक भवितव्ये वाचतील.